कुणाच्या घरची घंटा

डोंगराच्या पायथ्याशी हस्तकला केंद्र झालं आणि वहिनीच्या दिराला बंडी घालायची सवय लागली. तांबड्या धाग्याने भरलेली, खिशावर हरणं काढलेली बंडी. त्यांच्या घरात आजवर कुणी असलं काही अंगावर चढवलं नव्हतं. भट्टीपुढे बसणारा माणूस जुनं, जाड, ठिणगी पडून जळलं तरी हळहळ वाटू नये असं काहीतरी घालतो. पण पाहुण्यांना कारागीर कसा दिसायला हवा, हे केंद्राच्या व्यवस्थापकाने ठरवलं होतं आणि दीर त्या मापात बसायला एका पायावर तयार होता. गल्लीत त्याला 'मास्तर' म्हणायला लागले, तेही त्यानेच सुचवल्यावर.

वहिनी मात्र वहिनीच राहिली. दिराची वहिनी, म्हणून त्याच्या मित्रांची वहिनी, म्हणून अख्ख्या गल्लीची. तिच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला कोळसेवालाही तिला वहिनीच म्हणे.

त्यांचा धंदा शेळ्यामेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटांचा. लोखंडी पत्रा कापायचा, दुमडून त्याचा चौकोनी पेला करायचा, त्यावर पितळेचा कीस पसरायचा, वरून भुसा कालवलेली माती थापायची आणि ते सगळं भट्टीत लोटायचं. आत पितळ वितळून सांध्यासांध्यांत शिरतं. गार झालं की माती फोडायची. इथवर पुरुषांचं काम. त्यानंतर हातात जे येतं ते वाजतं, नाही असं नाही, पण रिकामा डबा लाथाडल्यासारखं. मग ते आतल्या खोलीत जातं. तिथे लहान ऐरणीवर त्याचा काठ हलक्या हाताने ठोकून आवाज आणायचा, हे बायकांचं काम. यात थोर तत्त्वज्ञान वगैरे काही नाही. बाहेर रोज घण मारणारा पुरुष चाळिशीत बहिरा होतो, एवढंच. वहिनीचा सासरा झाला, नवरा झाला. नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झाली, जाईपर्यंत तो तिचं बोलणं हातवाऱ्यांवरूनच समजून घ्यायचा. मास्तरला आता शेजारी हंडा आदळला तरी पत्ता लागत नाही, पण ते तो कुणाला कळू देत नाही. समोरच्याचे ओठ हलायचे थांबले की मान डोलावतो आणि "अगदी खरं" म्हणतो. एवढ्यावर केंद्रात तो फार विचारी माणूस ठरला आहे.

घंटा घेणारे लोक वरचे, डोंगरातले. त्यांची साठ घरं. उन्हाळाभर त्यांचे कळप उंचावरच्या कुरणांत असतात आणि तिथे धुकं असं उतरतं की स्वतःचा हात दिसत नाही. साठ घरांच्या मेंढ्या एकाच उतारावर, सगळ्या सारख्याच मळकट. तेव्हा कळप वेगळा करायचा तो घंटेच्या आवाजावरून. प्रत्येक घराचा आवाज निराळा, पिढ्यान्‌पिढ्या तोच. तो कुठे लिहून ठेवलेला नाही. तो वहिनीच्या डोक्यात आहे.

लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात सासूने तिला वर नेलं आणि तीन दिवस एका खडकावर बसवलं. त्या तीन दिवसांत डोंगर म्हणून तिला काही दिसलाच नाही. सगळं पांढरं. ओल्या गवताचा वास, खाली कुठेतरी वाहणारं पाणी, आणि मधूनच एखादा जाडा आवाज, एखादा चिरका, एखादा खोकल्यासारखा तुटक. "हा कुणाचा?" सासू विचारायची आणि चुकलं की दंडाला चिमटा काढायची. तिसऱ्या दिवशी दंड काळानिळा झाला होता आणि साठच्या साठ घरं पाठ झाली होती. केंद्राच्या दारात त्याच डोंगराचा दोन पुरुष उंचीचा फोटो आहे. आकाश निळंशार, बर्फ लखलखीत, औषधालाही एक मेंढी नाही. आतल्या काचेच्या कपाटात वरच्या लोकांची मेंढ्या हाकायची गोफण ठेवली आहे आणि खाली लिहिलं आहे, 'नववधूचा कमरपट्टा'. वहिनीने ते सांगून पाहिलं. व्यवस्थापक म्हणाला, पाटी छापून झाली आहे.

एका संध्याकाळी मास्तर तिच्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसला.

"वहिनी, राजधानीतून समिती येतेय. श्रेष्ठ कारागिराचं प्रमाणपत्र मिळालं की आपला कारखाना केंद्रात. महिन्याला दोनशे घंटा, सगळ्या एका आवाजाच्या!"

"कुणाच्या?"

"आं?"

"कुणाच्या घरच्या?" ती ओरडली.

"कुणाच्याच नाही हो. शहरातले लोक दाराला टांगणार. यंत्रावर निघतील, ठोकायची भानगडच नाही. तुम्ही आता आराम करा. किती राबलात आमच्यासाठी."

आराम करा म्हणजे काय, ते तिला चांगलंच समजलं. ऐरण भंगारात आणि ती खाटेवर. आणि वरच्या साठ घरांनी धुक्यात काय शहरातल्या दारांचा आवाज ऐकत बसायचं? तिच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी ती तडक केंद्रात गेली आणि स्वतःच्या नावाने अर्ज मागितला.

"पत्रा तुम्ही कापता?" खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

"नाही."

"भट्टी लावता?"

"नाही."

"मग करता काय?"

"पाच-सहा ठोके मारते."

"आणि?"

"आणि मग ती घंटा होते."

कारकुनाला इतकं हसू आलं की त्याने शेजारच्यालाही बोलावून घेतलं. मग डोळे पुसत म्हणाला, "अहो, वस्तू सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच माणसाने केलेली पाहिजे, असा नियम आहे. तुम्हाला मदतनीस म्हणून लिहितो हवं तर."

वहिनीने अर्ज तिथेच फाडला. तो नियम करणाऱ्याने आयुष्यात हाताने काही केलं असेल, तर स्वतःची सही.

समिती यायच्या आदल्या दिवशी मास्तर पुन्हा उंबऱ्यावर. या वेळी आवाज मऊ. आपल्या हातून नुसता डबा निघणार, हे त्यालाही माहीत होतं. "मी सांगेन की शेवटचं काम आमच्या घराण्याचं गुपित आहे, पडद्याआड होतं. तुम्ही आत बसा फक्त." गुपित म्हणजे ती स्वतः. हाकलून द्यावं असं तिच्या मनात आलं. पण आपल्या घरातून न ठोकलेला डबा घंटा म्हणून चारचौघांत जाणार, हेही तिला सोसेना. दुसऱ्या दिवशी सकाळी हातोडी आणि लहान ऐरण उचलून ती केंद्रात गेली.

समितीत चौघे होते. अध्यक्ष डोळे मिटून ऐकणाऱ्यांपैकी. मंचावर एका खुर्चीत वरच्या लोकांची एक म्हातारी बसवली होती आणि तिच्या डोक्याला पिसं बांधली होती. वरच्यांत कुणी पिसं बांधत नाही. पडद्याच्या फटीतून वहिनीने तिला ओळखलं. झऱ्यापलीकडच्या घरातली. म्हातारी अशी बसली होती की एखाद्याला चावेल.

अंगणातल्या भट्टीतून सकाळी काढलेला गोळा मास्तरने सगळ्यांसमोर फोडला आणि घंटा उंच धरून हलवली. ठक्क.

"वा!" अध्यक्ष म्हणाले. "मातीचा आवाज!"

होताच मातीचा. एका कोपऱ्यात चांगलं मूठभर ढेकूळ अडकलेलं होतं.

मास्तर पडद्याआड आला. "पटकन, वहिनी. कसाही चालेल."

तिने ढेकूळ टोकरून काढलं, घंटा ऐरणीवर धरली, हातोडी उचलली आणि हात हवेतच थांबला. कसाही म्हणजे कसा? कुणाचाच नसलेला आवाज कुठे ठोकायचा असतो, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. तिने फटीतून पाहिलं. पिसं थरथरत होती. मग तिने काठावर तीन ठोके दिले, कोपऱ्यावर एक, आणि पलटी करून दोन. भरदार, खालचा, शेवटाला जरासा कापणारा आवाज निघाला. यात डाव होता का? थोडा होता. बाकीचं हाताने आपसूक केलं.

मास्तरने बाहेर जाऊन घंटा वाजवली. समितीने मघासारखीच मान डोलावली, मघाच्या ठक्कला डोलावली होती तेवढीच.

म्हातारी उठली. तिने डोक्यावरची पिसं काढून खुर्चीवर ठेवली, मास्तरच्या हातून घंटा घेतली, कानाशी दोनदा हलवली.

"आमची आहे," ती म्हणाली आणि घंटा पिशवीत टाकली.

टाळ्या पडल्या. अध्यक्षांना गहिवरून आलं. म्हातारी त्यांच्याकडे न बघता थेट मंचाच्या मागे गेली आणि तिने पडदा ओढला. वहिनी जमिनीवर मांडी घालून बसलेली, मांडीवर हातोडी, पुढ्यात ऐरण.

"कळपापुढे चालणाऱ्या मेंढीची घंटा चिरली म्हणून सकाळी तुझ्या दारात आले, तर कुलूप," म्हातारी म्हणाली. "इकडे शोधत आले तर या लोकांनी धरून पिसं बांधली. काय द्यायचं?"

"नेहमीचंच," वहिनी म्हणाली.

"अहो, ती परीक्षेची वस्तू आहे!" अध्यक्ष धावत आले.

"झाली परीक्षा," म्हातारी म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली. तिला अंधाराच्या आत खिंड गाठायची होती.

मग समितीची कुजबुज झाली. कारकुनाने नियमांचं पुस्तक आणलं. एकाच्या जागी दोघांचे हात निघाले होते, पण तसं लिहिलं तर सगळ्यांसमोर गहिवरलेले अध्यक्षच तोंडावर पडले असते. शेवटी त्यांनी शेरा मारला, 'घंटा उपलब्ध नसल्याने मूल्यमापन करता आले नाही.' जेवून सगळे पुढच्या गावाला गेले, तिथे कुणीतरी टोपल्या विणत होतं. प्रमाणपत्र त्यांच्या पेटीतूनच परत गेलं आणि त्याबरोबर केंद्रातला कारखानाही.

घरी येऊन मास्तरने बंडी काढून भट्टीशेजारी फेकली.

"घराचं नाव घालवलंत, वहिनी! चार ठोके मारायला सांगितले होते. ते त्या म्हातारीच्या घरचे कशाला मारलेत?"

वहिनी ऐरण जागेवर ठेवत होती. चाळीस वर्षांत तिने साठ घरांना त्यांचा आवाज दिला. स्वतःच्या घराला एकदाही नाही. द्यायचं कारणच नव्हतं, दारात मेंढी नव्हती. त्याचं तिला कधी वाईट वाटलं नव्हतं. आज वाटलं, आणि फार वाटलं.

"मग कुणाच्या घरचे मारायचे होते, भाऊजी? आपल्या घराला आवाज आहे कुठे?"

मास्तर बंडी उचलायला वाकला होता. ऐकू आलं नसेल म्हणून तिने तेच पुन्हा, गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचारलं.