अर्ध्यावरचा काटा
आज दसरा, पूजेसाठी मुलाची मोटारसायकल पुसायला घेतली आणि टाकीचं झाकण उघडताच पेट्रोलच्या वासाने बहात्तर सालचा एक दिवस आठवला. आमच्या जीपचं पेट्रोलचं मीटर बिघडलं होतं. नवऱ्याने भंगारातून एका ट्रकचं मीटर आणून बसवलं, टाकीत पेट्रोलवर तरंगणारा, मीटरचा काटा हलवणारा फ्लोट मात्र जीपचाच राहिला. दोघांचा मेळ बसेना. टाकी संपत आली तरी काटा अर्ध्यावर. मी तसं सांगितलं, तर म्हणाला, "काटा हलतोय ना? मग झालं." त्यातच माझे वडील गेल्याचा निरोप आला. दिवस मावळायच्या आत अग्नी द्यायचा होता, म्हणून माझ्या माहेरी जायला तसेच निघालो. वाटेत अकोले गावातला पंप दिसला तेव्हा मी म्हटलं, "पेट्रोल घ्या." त्याने मीटरवर बोट आपटलं. "अर्धी टाकी हाय. तुला लई कळतं." भंडारदऱ्याच्या अलीकडे जीप बंद पडली. भातखाचरांच्या बांधावरून मी चालत सुटले. पोचले तेव्हा माणसं नदीवरून परतत होती. धाकटा भाऊ म्हणाला, "लई वाट पाहिली, आक्का. दिस बुडाया लागला तवा उचललं." मागून आलेला नवरा सगळ्यांना सांगत होता, "रस्ता खराब हुता." दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेट्रोलचा डबा आणि लिटरचं माप घेऊन जीपपाशी गेले. एकेक माप टाकीत ओतलं आणि काटा थांबेल तिथे मीटरच्या काचेवर खिळ्याने रेघ ओढली. नवरा म्हणाला, "आता कशाला?" मी म्हटलं, "तुमच्या आईच्या वेळी लागंल."