साक्ष घरच्यांनी द्यायची

श्री. याकोब पारधे यांना मी प्रथम पाहिले ते लोणावळ्यातील आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पुरुष सभेत. मी तेव्हा इथल्या शाळेत नुकताच बदलून आलो होतो. जानेवारीतली पहिली सभा. रिवाजाप्रमाणे एकेक पुरुष उठून वर्षाचा आत्मिक निश्चय सांगत होता. तळेगावच्या कारखान्यात सुपरवायझर असलेले एक बंधू छाती काढून म्हणाले, "या वर्षी रोज पहाटे चारला उठून प्रार्थना करणार." सगळ्यांनी आमेन म्हटले. मागच्या बाकावरून पारधे साहेबांनी विचारले, "चारला तुम्ही उठणार, म्हणजे चहा टाकायला साडेतीनला कोण उठणार?"

"मिसेस उठतात."

"मग आत्मिक वाढ त्यांची होईल. तुमचा निश्चय दुसरा सांगा."

देहूरोडच्या लष्करी डेपोत साहेबांनी नोकरी केली आणि मंडळीत वडील, म्हणजे कारभार पाहणारे ज्येष्ठ, म्हणून सेवा केली. पण त्यांचे खरे काम म्हणजे त्यांनी घालून दिलेला एक नियम. पुरुषाने वर्षाला एकच निश्चय करायचा, तोही दुसऱ्या माणसाला जाणवेल असा. डिसेंबरच्या शेवटच्या सभेत त्याने स्वतः तोंड मिटून बसायचे. त्याच्यात काही फरक पडला की नाही, याची साक्ष घरच्यांनी द्यायची. आपल्या वाढीचे मोजमाप आपणच घेतले की माणूस दरवर्षी उंच होतो, असे ते म्हणत.

हा नियम त्यांनी आधी स्वतःला लावला. राग आवरण्याचा निश्चय त्यांनी केला, त्या वर्षी त्यांच्या पत्नी मार्थाबाईंनी उभे राहून सांगितले, "राग कमी झालाय, पर भांडी अजून आपटत्यात." साहेब मान खाली घालून बसले आणि पुढच्या वर्षी तोच निश्चय पुन्हा केला. तिकोणा पेठेला त्यांची थोडी जमीन आहे. शेजारच्या आबांशी बांधावरून त्यांचा जुना तंटा होता. एका वर्षी त्यांनी तो मिटवायचा निश्चय केला आणि मला बरोबर नेले. आबांनी दारातच विचारले, "तुमी हितं माफी मागाया आलाय, का परचार कराया?" साहेब म्हणाले, "माफीच." "मंग बसा. लय उशीर केलात." त्या डिसेंबरात साक्ष द्यायला आबा स्वतः चर्चमध्ये आले. टोपी हातात धरून म्हणाले, "मानूस सुधारलाय. बांध बी जाग्यावर आलाय." एवढे बोलून ते भिंतीला टेकून उभे राहिले. बाकावर या म्हटले तरी आले नाहीत.

आता जे लिहायचे आहे ते या गौरवलेखातून वगळावे, अशी मंडळीच्या पंच कमिटीने मला विनंती केली आहे. विनंती कसली, दटावणीच. "गोड लिहा, मास्तर." साहेबांबद्दल कडू लिहिण्यासारखे काही नाहीच. पण कमिटीबद्दल गोड लिहायचे मी कबूल केलेले नाही.

कमिटीतल्या एका प्रतिष्ठित गृहस्थांनी 'कुटुंबाचा आत्मिक पुढारी होणार' असा निश्चय केला होता. डिसेंबरात त्यांच्या पत्नी सुलभाबाई साक्षीला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "यांनी याही वर्षी माझ्यावर हात उचलला." बस, एवढेच वाक्य. सभा गारठली. कोणीतरी घाईने प्रार्थना सुरू केली. साहेबांनी ती थांबवली. म्हणाले, "आधी बाईंना काय हवंय ते विचारू. देव थांबेल." त्या दिवशी मार्थाबाईंनी सुलभाबाईंना आपल्या घरी नेले, आणि त्या महिनोन्महिने तिथेच सन्मानाने राहिल्या.

आणि कमिटीने काय केले? हात उचलणाऱ्याला एका शब्दाने विचारले नाही. घरची अब्रू चव्हाट्यावर आणली म्हणून साक्षीची सभा बंद केली. साहेबांना वडीलपदावरून खाली उतरवले. ते गृहस्थ मात्र अजून कमिटीत आहेत. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. आता साक्षीच्या जागी पुरुषांचे शिबिर भरते, खंडाळ्याच्या वाटेवर एका बंगल्यात. सगळ्यांना सारखे टी-शर्ट, भिंतीवर रंगीत तक्ते, उपवासाला एक खूण, शास्त्रवाचनाला एक खूण. वर्षाअखेर ज्याच्या त्याच्या खुणा ज्याने त्यानेच करायच्या. मग सगळेच पास. बायकांना कोणी विचारत नाही. त्यांच्याकडे डबे मात्र मागितले जातात. याला आत्मिक वाढ म्हणायची असेल तर माझी वाढ इथेच खुंटलेली बरी.

याच कमिटीला आता साहेबांचा गौरव करायचा आहे. शाल, श्रीफळ, मानपत्र सगळे तयार आहे. रीत म्हणून साहेबांना विचारले, तुमच्याविषयी कोणी बोलावे? त्यांनी एकच नाव दिले. "सुलभाबाई. त्या आमच्या घरात राहिल्यात. मी कसा आहे ते त्यांना माहीत आहे." पत्रिका छापून आली. त्यात वक्ते म्हणून तीन पुरुष आहेत.

पत्रिका घेऊन मी तावातावाने साहेबांकडे गेलो. म्हटले, समारंभावर बहिष्कार घाला. ते म्हणाले, "मास्तर, न येणं सोपं आहे. मी येणार. सुलभाबाईंनाही घेऊन येणार. व्यासपीठावर मात्र चढणार नाही, खाली त्यांच्या शेजारी बसणार."

साहेबांना परमेश्वर शंभरी दाखवो, गुडघे धड ठेवो, मार्थाबाईंची साथ अखेरपर्यंत देवो, ही आम्हा शिष्यांची मनापासून प्रार्थना आहे. कमिटीला एवढेच कळवतो की शाल घालायची असेल तर व्यासपीठावरून खाली, त्या रांगेत यावे लागेल. आणि साहेबांच्या खांद्यापर्यंत पोहोचण्याआधी सुलभाबाईंच्या समोरून जावे लागेल.