दोनशे युरोत बसणारा कॅमेरा

एबरहार्ट हेफेलेने आयुष्यात एकच गोष्ट झटपट निवडली, ती म्हणजे बायको. तीसुद्धा निवड, रोझविटाच्या म्हणण्याप्रमाणे, तिनेच केली होती. त्याला फक्त कळवण्यात आलं.

बाकी प्रत्येक गोष्टीला वेळ लागायचा. आमच्या आणि हेफेलेंच्या घरामध्ये एकच भिंत, त्यामुळे मला सगळं माहीत असतं. त्यांचा टोस्टर बिघडला, तेव्हा नवा घेण्याआधी एबरहार्टने इतका अभ्यास केला की तो अख्खा हिवाळा त्या घरात पाव तव्यावर भाजला गेला. कुंपणाची झुडपं छाटायचं यंत्र घ्यायचं ठरलं आणि ते घरात येईपर्यंत झुडपं माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या वर गेली. मी दिवसाढवळ्या दिवा लावून भाजी चिरत होते.

तो आमच्या जर्मनीतल्या न्युर्टिंगन गावच्या पाणीपुरवठा खात्यात होता. घरोघरी जाऊन मीटर बघायचे, कुठे गळती आहे ते शोधायचं. निवृत्त झाला तेव्हा पेन्शन बेताची, पण माणूस कंजूष अजिबात नव्हता. कंजूष माणसाला खर्चच करायचा नसतो. एबरहार्टला खर्च करायचा असायचा, फक्त चुकीच्या वस्तूवर एक सेंटही जायला नको असायचा. आणि जगातल्या बहुतेक वस्तू चुकीच्याच असतात, अशी त्याची पक्की समजूत होती.

आमच्या चर्चच्या मंडळींची पोर्तुगालच्या मडेरा बेटाची सहल ठरली. त्या रविवारी मी हेफेलेंकडे जेवायला होते. मसुरीचं कालवण आणि श्पेट्झले, म्हणजे आमच्याकडच्या अंड्याच्या शेवया, वाढता वाढता रोझविटा म्हणाली, "एबरहार्ट, आपला जुना कॅमेरा रिमिनीला समुद्रावर वाळूत गेला. नवा आण. खिशात मावणारा. दोनशे युरो, वर एक सेंट नाही."

"दोनशेच का?"

"कारण तेवढेच उरलेत. सहलीचे पैसे भरून झाले."

"आणि कधीपर्यंत हवा?"

"विमान मे महिन्यात आहे."

हे बोलणं चाललं होतं ऑक्टोबरात. एबरहार्टने चमचा खाली ठेवला आणि काळजीने म्हणाला, "म्हणजे वेळ फारच कमी आहे."

दुसऱ्या दिवशी तो वाचनालयात जाऊन मासिकांचा गठ्ठा घेऊन आला. आठवडाभराने त्याला कॅमेऱ्याबद्दल इतकं कळायला लागलं की कुठलाच कॅमेरा पसंत पडेना. मग त्याने बाजाररस्त्यावरच्या फ्राउ ब्रेंडलेच्या दुकानात जायला सुरुवात केली. फ्राउ म्हणजे श्रीमती; ती मात्र त्याला अदबीने हेर, म्हणजे श्रीयुत, हेफेले म्हणते. हे दुकान तिच्या सासऱ्याच्या वेळचं. ती स्वतः लग्नांचे फोटो काढते, पासपोर्टचे काढते, आणि तिच्याइतकी सोशीक बाई आमच्या गावात दुसरी नाही. त्या हिवाळ्यात तो सोशीकपणा तिला पुरवून पुरवून वापरावा लागला.

एक दिवस मी तिथे फ्रेम घ्यायला गेले होते, तर काउंटरवर सात कॅमेरे उघडे पडलेले आणि एबरहार्ट समोर उभा.

"लांबचं जवळ आणणारा हवा," तो सांगत होता, "पण जाडा नको. अंधारात चालायला हवा, पण महाग नको. बॅटरी अशी हवी की बेटावरच्या वाण्याकडेही मिळेल. आणि डोळा लावून बघायला भोक हवं. पडदा उन्हात दिसत नाही."

"हेर हेफेले," फ्राउ ब्रेंडले म्हणाली, "तुम्ही सांगताय तो कॅमेरा नाही, जावई आहे. आणि दोनशे युरोत जावईही मिळत नाही."

"मला घाई नाही," एबरहार्ट म्हणाला.

"ते दिसतंय मला," ती म्हणाली आणि सातवा कॅमेरा परत डब्यात ठेवला.

मग लाकडाचं प्रकरण सुरू झालं. एबरहार्टचं म्हणणं असं, की वस्तू हाताळल्याशिवाय कळत नाही, आणि दुकानात पाच मिनिटं हाताळणं म्हणजे हाताळणं नव्हे. फ्राउ ब्रेंडले कॅमेरे घरी न्यायला देईना. तेव्हा त्याने पट्टीने सगळ्यांची मापं घेतली, तळघरात बसून लाकडाचे तेवढेच ठोकळे कापले, पोखरून आत शिसं भरलं आणि स्वयंपाकघरातल्या तराजूवर वजन बरोब्बर जुळवलं. मग एकेक ठोकळा एकेक आठवडा शर्टाच्या खिशात घालून तो गावभर हिंडायला लागला.

मी त्याला चर्चसमोर पकडलं. दोन्ही हातांत ठोकळा धरून त्याने तो मनोऱ्यावर रोखला होता आणि एक डोळा मिटला होता.

"काय काढतोयस रे?"

"काढत काही नाही, गिझेला. पकड बघतोय." त्याने ठोकळा खिशात टाकला, पुन्हा झर्रकन बाहेर काढला. "हा अडकतो. कोपरा बघ."

"तूच कापलायस ना? मग घासून गोल कर."

माझ्याकडे त्याने अशा नजरेने पाहिलं, की जणू मी पाण्याचा मीटर उलटा फिरवायला सांगितलं होतं. "मी गोल करीन गं. पण कंपनीने केलाय का?"

घरी रोझविटा वैतागली होती. "बेकरीत बायका विचारतात, हेफेलेंची तब्येत बरी आहे ना? मी काय सांगू? नवरा फळीने फोटो काढतो?"

पण जानेवारी संपता संपता चमत्कार झाला. एबरहार्टने कॅमेरा निवडला. चंदेरी, चपटा, खिशात न अडकणारा. डोळा लावायचं भोक नव्हतं, त्याबद्दल त्याने मोठ्या मनाने कंपनीला माफ केलं. अडचण एकच होती. त्याची किंमत होती दोनशे एकोणनव्वद.

"उतरेल," तो मला कुंपणावरून म्हणाला. शनिवार होता, त्याच्याकडे घरासमोरचा रस्ता झाडायची पाळी होती आणि हातात झाडू होता. "वसंतात नवं मॉडेल येतं. आलं की जुनं कोसळतं. आपण फक्त स्वस्थ बसायचं."

स्वस्थ बसायचं म्हणजे रोज सकाळी बेकरीतून ब्रेत्सेल पाव आणायच्या निमित्ताने ब्रेंडलेच्या काचेसमोर उभं राहायचं. बेकरी उलट्या दिशेला आहे, पण ते जाऊ दे.

दरम्यान सहलीच्या इतर मंडळींनाही कॅमेरे हवे होते. पहिली गेले मी. म्हटलं, "एबरहार्ट, दहा मिनिटांत सांग, कुठला घेऊ?" त्याने अडीच तास घेतले, दोनदा कॉफी झाली, आणि शेवटी मला त्या चंदेरीचं नाव सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी जाऊन घेऊन आले. त्याला दाखवायला गेले तर त्याचा चेहरा पडला.

"आज घेतलास?"

"मग? तूच म्हणालास उत्तम आहे."

"उत्तम आहे म्हणालो. घे कुठे म्हणालो?"

तरी त्याने तो माझ्या हातातून घेतला, आणि सांगते, आपल्या नातीलाही त्याने कधी इतक्या हळुवारपणे धरलं नसेल.

माझ्यानंतर औषधवाला गेला. मग चर्चच्या गायकवृंदातले हेर त्सेब गेले, मग त्यांची बहीण. बातमी पसरली तसं फ्राउ ब्रेंडलेही बुचकळ्यात पडलेल्या गिऱ्हाइकांना सरळ सांगायला लागली, "हेर हेफेलेंना भेटून या." लोक यायचे, रोझविटाने केलेला केक खायचे, एबरहार्टचं ऐकायचे आणि जाऊन चंदेरी कॅमेरा घ्यायचे. "माझ्या स्वयंपाकघरात दुकान निघालंय," रोझविटा म्हणायची, "गल्ला तेवढा ब्रेंडलेकडे आहे." फ्राउ ब्रेंडलेने त्याला काही सवलत देऊ केली होती म्हणतात. त्याने नाकारली. सवलत घेतली तर सल्ला निःपक्ष राहणार नाही, असं त्याचं म्हणणं.

एप्रिलमध्ये नवं मॉडेल आलं आणि जुन्याचा भाव कोसळला. काचेत पाटी लागली: एकशे नव्याण्णव. एबरहार्ट घरी आला, चांगलं जाकीट घातलं, केस विंचरले. मीही त्याच्याबरोबर गेले. इतक्या महिन्यांची मेहनत, साक्षीदार नको?

"संपले," फ्राउ ब्रेंडले म्हणाली.

"कसे संपतील? काल चार होते."

"काल सकाळी होते. मग पाटी लावली, ती काढायची राहिलीय. तीन दुपारी गेले, चौथा संध्याकाळी पाद्री मोझर घेऊन गेले."

"मोझर? ते तर कॅमेरा नकोच म्हणत होते!"

"म्हणत होते खरे. पण रविवारी चर्चबाहेर तुम्हीच त्यांना पटवलंत ना? दुकानात येऊन तुमची सगळी कारणं त्यांनी मला पाठ म्हणून दाखवली. हेर हेफेले, हा माल मी विकला नाही. तुम्ही विकलात."

तिने मागवून बघितलं. मिळेना. नवं मॉडेल होतं, तीनशे एकोणतीस. बाकीचे कॅमेरे तिने काउंटरवर मांडले, पण एबरहार्टला त्या प्रत्येकाचं काय चुकतं ते तोंडपाठ होतं. तो बाहेर येऊन फुटपाथवर उभा राहिला.

"किती प्रामाणिकपणे सांगितलं होतं मी त्यांना," तो म्हणाला.

रोझविटाने ऐकून घेतलं.  बॅग भरताना तिने फक्त विचारलं, "मग न्यायचं काय? ठोकळा?"

अशा रीतीने कॅमेऱ्यांतला आमच्या गावचा सगळ्यात मोठा जाणकार कॅमेऱ्याशिवाय मडेराला गेला.

फुंशालच्या हॉटेलात पहिल्या सकाळी नाश्त्याच्या टेबलांवर नऊ चंदेरी कॅमेरे होते. हुबेहूब एकसारखे. पाद्री मोझर कुणाचा तरी उचलून समुद्राचे फोटो बघायला गेले आणि त्यांना हेर त्सेबांच्या सुजलेल्या अंगठ्याचे तीन फोटो बघावे लागले, डॉक्टरांसाठी काढलेले. गोंधळ मिटवायला एबरहार्ट रोझविटाची नखं रंगवायची बाटली घेऊन बसला आणि प्रत्येक कॅमेऱ्यावर वेगवेगळे ठिपके काढले. बाटली संपली.

तिथून जे सुरू झालं ते थांबेना. "एबरहार्ट, माझा लुकलुकतोय." "एबरहार्ट, सगळं निळं येतंय." "हेफेले, जरा आमच्या दोघांचा काढा ना, पाठीमागे कडा येऊ दे." आम्ही तिथल्या वेताच्या टोपलीसारख्या बिनचाकी गाडीतून उतारावरून घसरत आलो तेव्हा तो खाली उभा राहून नऊ कॅमेऱ्यांनी नऊ वेळा तेच टिपत होता. डोंगरात पाण्याच्या पाटाकाठून चालायचं होतं. शेकडो वर्षांपूर्वी कातळ फोडून काढलेले पाट, काठोकाठ वाहणारे. जन्मभर पाण्याच्या नळ्यांमागे फिरलेला माणूस. या एका गोष्टीसाठी तो सहलीला तयार झाला होता. आणि तिथे त्सेबच्या बहिणीचं कार्ड भरलं. दगडावर बसून तो तिचे धूसर आलेले फोटो एकेक करून पुसत राहिला. शेजारून पाणी चाललं होतं, आणि साहेबांची मान खाली.

रोझविटा हे बघत होती. "मी नवऱ्याबरोबर आलेय की दुरुस्तीवाल्याबरोबर?" ती मला म्हणाली. परत आल्यावर ती एकटीच बाजारात गेली. आम्ही हॉटेलच्या अंगणात पोंशा, म्हणजे तिथली लिंबू-मधाची दारू, पीत बसलो होतो, पेला रिकामा व्हायच्या आत ती परत आली. हातात लाल कॅमेरा.

एबरहार्ट उभाच राहिला. "केवढ्याला?"

"एकशे एकोणऐंशी."

"झूम किती पट आहे?"

"लाल आहे."

"मी झूम विचारतोय, रोझविटा."

"आणि मी रंग सांगतेय. बटण दाबलं की फोटो निघतो. दुकानदाराने दोनदा करून दाखवलं."

"दुसरे बघितलेस का तरी?"

"एक निळा होता."

 रात्रीच्या जेवणापर्यंत तो माहितीपत्रक वाचत बसला. ते पोर्तुगीजमध्ये होतं.

रोझविटाने दुसऱ्या दिवशी त्याला हाताला धरून पुन्हा त्या पाटाकडे नेलं, आम्हा सगळ्यांना झोपेत सोडून. पहिल्या बसने गेले. चार कॅमेरे आदल्या रात्रीपासून त्याच्याकडे दुरुस्तीला होते, त्यांचे पट्टे तो गळ्यातून काढायला विसरला होता.

जूनमध्ये चर्चच्या सभागृहात फोटो दाखवायचा कार्यक्रम झाला. नऊ जणांनी नऊ वेळा तोच कडा दाखवला, तीच फुलं, तेच पाद्री मोझर. चंदेरी कॅमेरा खरंच उत्तम होता. पाद्रींच्या दाढेतली चांदीसुद्धा दिसत होती. पाचव्या माणसापर्यंत लोक खुर्च्या सरकवायला लागले. मग माझ्या लक्षात आलं की आमच्यापैकी कुणाच्याच फोटोत एबरहार्ट नाही. कसा असेल? सगळे त्यानेच काढलेले.

शेवटी रोझविटाचे. पहिले चार तिच्या अंगठ्याचे. मग आभाळ. मग अर्धी बस. लोक हसायला लागले, तीही हसली. आणि मग पडद्यावर एबरहार्ट आला. पाटाच्या काठावर गुडघे टेकून बसलेला, गळ्यात चार कॅमेरे लोंबतायत, बाही कोपरापर्यंत वर आणि हात पाण्यात. तोंड उघडं, काहीतरी सांगतोय, बहुतेक पाण्याच्या उताराबद्दल. फोटो जरा तिरका होता. इतकं खूश झालेलं मी त्याला इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

 एबरहार्ट पडद्याकडे बघत पुढे वाकला.

"डावा कोपरा धूसर आलाय," तो म्हणाला.

"एबरहार्ट," रोझविटा म्हणाली, "गप्प बस."

तो गप्प बसला. पण पुढच्या शनिवारी झाडू घेऊन कुंपणापाशी आला आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, "गिझेला, तू ती फ्रेम घेतली होतीस, ती बीचच्या लाकडाची की ओकच्या?" तो फोटो मोठा करून घ्यायचा म्हणतोय. काच चमकणारी नको, मागची फळी वाकणारी नको. रोझविटाने चाळीस युरो मंजूर केलेत आणि नाताळपर्यंत मुदत दिलीय. तोवर तिने फोटो चिकटपट्टीने फ्रिजवर लावलाय.

फ्राउ ब्रेंडलेने मात्र या वेळी आधीच बंदोबस्त केला. त्या मापाची एक साधी, बरी फ्रेम तिने हेफेलेंच्या नावाने आतल्या कपाटात ठेवून दिलीय. एबरहार्टला ती तिने अजून दाखवलेली नाही. दाखवली आणि आवडली, तर तो आधी सगळ्या गावाला सांगत सुटेल.