दोराच्या आत

दोराला लागून वीसेक माणसं उभी होती आणि पिवळ्या जाकिटातली बाई थेट माझ्याकडे आणि बाबांकडे आली. वाटेत तिने एक जोडपं ओलांडलं, दुर्बीणवाला म्हातारा ओलांडला, कुत्र्याला कडेवर घेतलेली बाई ओलांडली. मी मोजत होते. अशा वेळी मी मोजतेच.

नॉर्फोकच्या त्या किनाऱ्यावर हिवाळ्यात सील व्यायला येतात. केंब्रिजहून दोन तासांची ड्राइव्ह. बाबा माझ्याकडे तीन महिन्यांसाठी आले होते आणि कॉलेजांच्या इमारती बघून कंटाळले होते. वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्याशी पिवळ्या जाकिटातल्या स्वयंसेवकांनी दोर बांधला होता. पलीकडे सील, अलीकडे माणसं. दोरापासून पंधरा-वीस पावलांवर एक पांढरं पिल्लू एकटंच पडलं होतं आणि मधूनच तान्ह्या बाळासारखं रडत होतं.

बाई माझ्या पायांकडे बघतच आली. मग मान वर करून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "पिल्लाला कुणी टाकलेलं नाही. त्याची आई पाण्यात आहे. जवळ काही हललं की ती वर येत नाही. फार वेळ आली नाही तर पिल्लू उपाशी राहतं, कधी ती त्याला सोडूनच देते. तेव्हा तुमची..."

"आम्हाला माहीत आहे," मी म्हणाले. "मी वाचून आलेय."

खरंच वाचलं होतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मी. मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी, आता इथे लॅबमध्ये नोकरी. कुणी मला असे शब्द सुटे करून सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं. बाईने पुन्हा एकदा खाली बघितलं आणि ती गेली.

"काय म्हणाली?" बाबांनी विचारलं.

"आई पाण्यात आहे म्हणे. दोराच्या मागे राहा, लांबून बघा."

'लांबून' हा शब्द आमच्या घरात साधा नाही. आजोबांनी तो गावच्या पाणवठ्यावर ऐकला होता, आणि लांब म्हणजे किती पावलं हे त्यांना दोर बांधून दाखवावं लागलं नव्हतं. बाबा शहरात आले, कारखान्याच्या गेटवर वॉचमन झाले आणि तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांना अडवलं.

"हा दोर सगळ्यांना आहे का, ते बघू," बाबा म्हणाले, आणि समुद्राकडे पाठ करून उभे राहिले. मी त्यांना सील दाखवायला आणलं होतं. ते त्या बाईवर नजर ठेवून होते.

"अहो बाबा, इकडे बघा तरी."

"सील कुठं पळून जातंय? गेटवर सायबाची गाडी आली ना, की वॉचमनला नेमके आभाळात पक्षी दिसतात. मलाही दिसायचे. हिलाही दिसतील, बघ तू."

"आणि पिल्लाची आई?"

"आम्हीपण सांगायचो, साहेब मीटिंगमध्ये आहेत."

मी पाण्यावर नजर फिरवली. राखाडी लाटांमध्ये काहीतरी काळं वर यायचं आणि जायचं. डोकं असेल, शेवाळाचा पुंजका असेल. खात्री देता येईना. पिल्लू पुन्हा रडलं. ते खरंच सोडून दिलेलं असेल आणि लोकांनी गडबड करू नये म्हणून बाई आईची गोष्ट सांगत असेल, असंही मनात आलं.

तेवढ्यात भारी कोटातला एक माणूस, हातात बाहूएवढी लेन्स घेऊन, दोर संपतो तिथून वळसा घालून आत शिरला. सरळ पिल्लाकडे निघाला. पिल्लाने डोकं उचललं, तोंड वासलं.

बाबांनी मला कोपर मारलं. "आला सायब. आता पक्षी बघ."

बाई दुसऱ्या टोकाला कुणाशी तरी बोलत होती. तिने बोलणं अर्धवट सोडलं. धावली नाही, वाकून, संथ चालत गेली आणि त्याच्या व पिल्लाच्या मधे उभी राहिली. त्याने लेन्सकडे बोट केलं, गळ्यातलं कसलंसं कार्ड दाखवलं. ती हसली.

"हसली," मी म्हणाले. "झालं."

"थांब. गेटवर हसावं लागतं. पाय कुणाचे वळतात ते बघ."

पाय त्याचे वळले. तो दोराबाहेर येईपर्यंत ती त्याच्या मागे चालत राहिली. बाबांनी एकदाच मान हलवली, रजिस्टरवर सही करावी तशी.

पण माझं समाधान होईना. "मग ती आधी आपल्याकडेच का आली?"

"तुझी पिशवी," बाबा म्हणाले.

मी खाली बघितलं. डब्यांची पिशवी मी दोराच्या आत टेकवली होती. वरून गुंडाळलेली प्लॅस्टिकची पिशवी सुटून वाऱ्यावर फडफडत होती, पिल्लाच्या दिशेने, चांगली हातभर.

"कधीपासून?"

"आलो तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, बाई काय करते बघू. ती सांगतच होती, तर तू तिला शिक्षण सांगितलंस."

मी पिशवी ओढून घेतली. त्या थंडीतही माझे कान तापले होते.

बाबा आलेल्या वाटेनेच टेकडीवर चढायला लागले, मी त्यांच्या मागे. जाता जाता दोराजवळच्या माणसांना त्यांनी तळहाताने मागे सरकायची खूण केली. इंग्रजीचा एक शब्द नाही. पण तीस वर्षांचा हात होता तो. दुर्बीणवाला म्हातारा सरकला, जोडपं सरकलं. बाई खालून आमच्याकडे बघत होती. आता पुन्हा येणार, असं मला वाटलं. ती आली नाही. तीही चार पावलं मागे झाली.

बराच वेळ काही झालं नाही. मग ते काळं पुन्हा वर आलं, आणि या वेळी त्याला डोळे होते. सील आम्हाला मोजत होती. वाळूवर आली, थांबली. पोटावर चार हात सरकली, पुन्हा थांबली.

"तीच आई कशावरून?" बाबा म्हणाले.

ती पिल्लापाशी पोचली आणि नाक लावून त्याला हुंगत राहिली.

"वासावरून ओळखतात," मी सांगितलं. "दुसऱ्याचं असलं तर हाकलून देतात."

ती कुशीवर वळली. पिल्लाने तोंड लावलं.

"पास बघून आत घेतलं," बाबा म्हणाले. "बरोबर आहे. चहा ओत."

कप हातात आला तरी ते समुद्राकडे बघत नव्हते. भारी कोटवाला खाली लेन्स पुसत उभा होता, दोराच्या टोकापासून दहाच पावलांवर. चहा संपेपर्यंत बाबांनी त्याच्यावरून नजर काढली नाही.