एका प्रकरणातले दोन नमुने

माझ्या गालाच्या आतून कापसाची काडी दोनदा फिरवण्यात आली, तेव्हा मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. काडी एका नळीत गेली, नळीवर चिठ्ठी लागली, चिठ्ठीवर माझी सही झाली. त्याआधी दहाही बोटांचे ठसे घेतले होते आणि डोळे एका यंत्रासमोर धरायला लावले होते. मी कोणताही गुन्हा केलेला नव्हता. पुढे पोलिसांनीही कोर्टात तसे लिहून दिले. नळी मात्र राहिली. ती नष्ट व्हावी, आणि माझ्या हयातीत व्हावी, यासाठी मी जे केले ते येथे लिहितो.

हिंदी मुलखाच्या सीमेवरच्या सौसरच्या रजिस्ट्री कचेरीत मी बाबू होतो. जमिनीच्या कागदांवर लोकांचे अंगठे घेणे हे माझे काम. संत्र्याच्या बागांत राबणाऱ्यांचे अंगठे घासलेले असत, ठसा उठत नसे. मी त्यांना ओल्या फडक्यावर बोट दाबून ठेवायला सांगे, थोडे थांबे, मग शाई लावी. शाई लावण्यापूर्वी कागद वाचून दाखवी. समोरचा ‘हो जी’ म्हणाल्याशिवाय मी त्याचा अंगठा हातात धरला नाही. निवृत्तीनंतर पत्नी आणि मी रामाकोन्याला राहायला आलो. मुलगी पांढुर्ण्याला असते, शाळेत शिकवते.

माघ महिना होता. बागांना आंबिया बहाराची फुले आली होती. मी नेहमीप्रमाणे सकाळी नाल्याच्या बाजूने फिरायला निघालो. धुक्यात वाट दिसत नव्हती. फुलांचा वास मात्र वाटेसारखा पुढे पुढे जात होता आणि मी त्याच्या मागे चाललो होतो. अशा सकाळी आपण चालतो आहोत की कोणाच्या तरी आठवणीत आहोत, हे पायांनाही नीट कळत नाही. नाल्याच्या काठावर एक माणूस कुशीवर निजलेला दिसला. जवळ गेलो तेव्हा तो निजलेला नव्हता.

पन्नाशीचा असावा. मी त्याला कधी पाहिले नव्हते. एका पायात रबरी चप्पल होती, दुसरा पाय अनवाणी. कपाळाला जखम, रक्त वाळलेले. डोळे उघडे होते आणि त्यांत धुके उतरले होते.

मी त्याचे डोळे मिटले. ओंजळीत नाल्याचे पाणी आणून त्याच्या ओठांना लावले. खांद्यावरचा दुपट्टा काढून त्याच्या अंगावर घातला. हे काही ठरवून केले नाही. माझ्या वडिलांनी जे केले असते तेच माझ्या हातांनी केले. मग काही वेळ तिथे उभा राहिलो. किती वेळ, हे पोलिसांनी नंतर बऱ्याचदा विचारले. मला सांगता आले नाही. धुक्यात वेळ पातळ होतो.

घरी आलो. मागच्या दारी हाक मारून पत्नीला सांगितले. ती म्हणाली, “आधी आंघोळ करा. मंग बाकीचं.” प्रेताला शिवून आलेला माणूस आमच्याकडे अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ करतो, कडुनिंबाचे पान चावतो आणि मगच घरात पाऊल टाकतो. मी तसे केले. पत्नीने कपडे धुऊन तारेवर घातले. त्यानंतर कोरडे कपडे घालून मी चौकीवर गेलो. हा क्रम चुकीचा असू शकतो, हे माझ्या मनातही आले नाही.

तोवर एका दूधवाल्याने खबर दिली होती. अधिकारी दुसऱ्या जिल्ह्यातून नुकताच बदलून आलेला होता. त्याने माझ्या ओल्या केसांकडे पाहिले.

“आँखें तुमने बंद कीं?”

“जी.”

“कपड़ा तुम्हारा है?”

“मेरा है.”

“फिर घर जाके नहाए. कपड़े धुलवाए. उसके बाद यहाँ आए.”

“मुर्दे को छुआ था, साहब. बिना नहाए घर में कैसे जाता?”

“घर जाने को किसने कहा था?”

दाराशी आमच्याच भागातला एक शिपाई उभा होता. तो म्हणाला, “सर, इधर ऐसाच करते हैं.” अधिकाऱ्याने त्याला बाहेर पाठवले.

मला अटक झाली. कारण त्यांच्या दृष्टीने सरळ होते. डोक्याला जखम असलेले प्रेत, त्यावर माझे वस्त्र, आणि माझे कपडे तारेवर वाळत. नमुने त्याच दिवशी घेतले. माझ्या सोबतीला तोच शिपाई होता.

“आ करा, बाबूजी. दाताच्या डाक्टरकडं आलो असं समजा.”

“कशासाठी?”

“त्या मानसाच्या अंगावर तुमचं काय काय आहे ते पाहतीन.”

“माझे त्याच्या अंगावर असणारच. मी त्याला पाणी लावले.”

“हे तुम्ही मले सांगून राहिले. साहेबाले सांगा.”

“सांगितले.”

“मंग आ करा.”

दोन दिवसांनी शवविच्छेदनाचा अहवाल आला. त्या माणसाचे हृदय बंद पडले होते. पडताना कपाळ दगडावर आपटले, म्हणून जखम. कोणी मारलेच नव्हते. मला सोडले, आणि काही महिन्यांनी प्रकरण बंद करण्याचा अहवाल कोर्टात गेला. सुटलो त्या दिवशी मी शिपायाला नळीबद्दल विचारले.

“ते राहते, बाबूजी. पंचाहत्तर वर्षं ठेवतात म्हणे.”

“तेव्हा मी एकशे एकोणपन्नास वर्षांचा असेन.”

“मंग काहून घाबरता? इतक्या म्हाताऱ्याले कोन पकडते?”

मी घाबरत नव्हतो. पण त्या नळीत मी एकटा नव्हतो. अर्धी माझी मुलगी होती, पाव माझी नात होती. त्या दोघींना कोणी विचारले नव्हते. गुन्हेगारांच्या रांगेत ठेवलेली ती वस्तू मी मागे टाकून जावी, हे मला मान्य नव्हते. सौसरच्या एका वकिलाने सांगितले की ज्याच्यावर खटलाच चालला नाही त्याची नोंद काढून टाकावी, असेही कायद्यात आहे. मात्र आपण होऊन कोणी काढत नाही. मागे लागावे लागते.

पत्नीला हे पटले नाही. “चाळीस वर्षं मी खर्रा खाऊन अंगनात थुंकू नका म्हनून राहिली, तं ऐकलं नाही,” ती म्हणाली. “आता सरकारनं थुंकी जपून ठेवली, तं तिच्यासाठी कोर्टात जाऊन राहिले.”

त्या वर्षी दुपारच्या झोपेत मला एक खोली दिसू लागली. ती आमच्या रजिस्ट्रीच्या दप्तरखान्यासारखी होती, पण लांबी संपत नव्हती. लाल कापडात बांधलेल्या बस्त्यांच्या जागी नळ्या होत्या आणि प्रत्येक नळीत थोडे धुके होते. संत्र्याच्या फुलांचा वास येई. मी माझी नळी शोधत चाले. कपाटांच्या मधे एका बाकावर तो माणूस बसलेला असे, खांद्यावर माझा दुपट्टा घेऊन. तो सरकून मला जागा करून देई, आणि मी बसे. जाग आल्यावर बराच वेळ खोलीतला पंखा आणि ती खोली एकमेकांत मिसळलेली राहत.

अर्जासोबत पोलिसांचा अहवाल लागत होता आणि फाइल मिळत नव्हती. पांढुर्णा नवा जिल्हा झाला तेव्हा दोन तालुक्यांची कागदपत्रे जुन्या जिल्ह्यातून तिकडे आली. काही आली, काही वाटेत राहिली. मी पांढुर्ण्याला चार फेऱ्या केल्या. चौथ्या वेळी तिथल्या पोलीस कार्यालयातल्या एका बाईंनी फाइल टेबलावर ठेवली. बाई तरुण होत्या. धुळीने त्यांना शिंका येत होत्या.

“हे पाहा, बाबूजी. सापडली तुमची. नमुने प्रयोगशाळेत आहेत, एकाच नंबरावर. दोन आहेत. एक तुमचा, एक त्या बेवारसाचा.”

“त्याचे कोणी आले नाही?”

“नाही जी. फोटो लावले होते सगळीकडे, तिगावच्या स्टेशनापर्यंत. कोनी नाही आलं. फोटो काढेपर्यंत चेहरा त सुजून गेला होता, घरच्यानंही ओळखला नसता. प्रेताचं सरकारी खर्चानं झालं सारं.”

“आता कोणी आले तर?”

“तर त्याची थुंकी घ्यायची आन् या नळीशी जुळवून पाहायची. बाकी काय राहिलं त्याचं?” त्या पुन्हा शिंकल्या. “तुमचा अहवाल आठ दिवसांत पाठवते.”

त्यांनी शब्द पाळला. अहवाल सौसरच्या कोर्टात पोहोचला, तारीख लागली. त्या सकाळी वकिलाने घाईत केलेला अर्ज माझ्या हातात दिला आणि सही करायला सांगितले. मी कचेरीतल्या सवयीप्रमाणे तो आधी वाचला. शेवटच्या परिच्छेदात मागणी होती की या प्रकरणात घेतलेले सर्व जैविक नमुने नष्ट करण्यात यावेत.

“यात त्याचाही येईल,” मी म्हणालो.

“कोनाचा?”

“मेलेल्याचा.”

वकिलाने घड्याळ पाहिले. “येऊ द्या ना, बाबूजी. तुम्हाले तुमच्याशी मतलब. जज मॅडम आज मूडमध्ये आहेत, पुढच्या महिन्यात त्यांची बदली होऊन राहिली. आज सही केली तं आज ऑर्डर.”

“माझ्यापुरते लिहा.”

“अहवालात दोन्हीचा नंबर एक आहे. एकच काढा म्हटलं तं कोर्ट विचारीन, कोनता कोनाचा. मंग पांढुर्ण्याहून नवा अहवाल, मंग प्रयोगशाळेचं पत्र. नवीन जज. वर्ष जाते.”

“नाही तर?”

“नाही तं काय? हाच अर्ज. तो तुमचा कोन लागते?”

ते त्याने विचारावे असे नव्हते. कोर्टाच्या आवारात एक निलगिरीचे झाड आहे, त्याच्याखाली मी उभा राहिलो. सकाळचे ऊन पांढरट होते. लोक येत होते, जात होते, आणि मला सगळे काचेपलीकडून दिसत होते. वय पंचाहत्तरीकडे चालले होते. छातीत अधूनमधून जड वाटे. एक वर्ष म्हणजे माझ्यासाठी काय, हे मला ठाऊक होते. माझी सही पडली असती तर दुपारपर्यंत मी त्या नळीतून बाहेर पडलो असतो, माझी मुलगी आणि नात बाहेर पडल्या असत्या. आणि कुठल्याशा गावात एक बाई, किंवा मुलगा, किंवा भाऊ, दोन वर्षांनी, पाच वर्षांनी विचारत विचारत पांढुर्ण्यापर्यंत आला असता तर त्याला दाखवायला कोणाकडे काही उरले नसते.

पुकारा झाला. न्यायाधीश बाईंनी कागद मागितले. वकील माझ्याकडे पाहत होता. मी पुढे होऊन सांगितले की अर्ज मागे घ्यायचा आहे, दुरुस्त करून पुन्हा देईन.

“आपको पता है, तब तक आपका सैंपल वहीं रहेगा?”

“जी.”

“कारण?”

“दूसरे आदमी का भी उसी में है. उसके घरवाले अभी आए नहीं.”

बाईंनी चष्मा वर केला, मग लिहिले. नवीन अर्जाची मुभा देऊन परत, असे काहीतरी. सगळ्याला तीन मिनिटे लागली असतील.

बाहेर येताना वकील म्हणाला, “जनमभर दुसऱ्याचे अंगठे घेतले तुम्ही. इथं सवताची सही होत नव्हती.” त्याच्या आवाजात राग कमी होता, दमणूक जास्त. पुढचा अर्ज तोच लिहील, असेही म्हणाला. मी त्याला बजावले की त्यात दोन ओळी असाव्यात. माझा नष्ट करावा, ही एक. दुसरा जपावा, ही दुसरी.

“दुसरी मागायचा तुम्हाले अधिकार नाही.”

“तरी लिहा. खोडायचे तर कोर्ट खोडेल.”

सौसरच्या स्टँडवरून दुपारची छिंदवाड्याची बस धरली. खिडकीजवळ जागा मिळाली. उन्हात बागा मागे सरकत होत्या, एकसारख्या, हिरव्या, आणि त्यांच्यामधून मला ती लांबच लांब खोली पुन्हा दिसू लागली. मी डोळे मिटले. कंडक्टरने खांदा हलवला तेव्हा घाट लागायला आला होता.

“रामाकोना गेलं मागं, बाबूजी. तुम्ही इतके शांत झोपले होते, मले वाटलं छिंदवाड्याचं तिकीट असन.”

“रामाकोन्याचेच होते.”

“उतरा मंग. उलटी बस येईन अर्ध्या तासात.”

मी उतरलो. रस्त्याकडेला मैलाचा दगड होता, त्यावर बसलो. पिशवीत अर्ज होता. पेन काढून मी मागच्या कोऱ्या बाजूवर त्या दोन ओळी लिहिल्या, म्हणजे वकील विसरणार नाही. मग पुन्हा एकदा वाचल्या. दुसरी ओळ अधिक नीट झाली होती. बस यायला पाऊण तास लागला.

नवा अर्ज दिला आहे. नव्या न्यायाधीशांनी पांढुर्ण्याहून अहवाल मागवला आहे. दोन्ही नमुने आजही होते तिथेच आहेत.