मुळे सरांचा झाकलेला पुतळा

मुळेवहिनी आज सकाळी गेल्या.
त्यांच्या नवऱ्याच्या पुतळ्याला अंगरखे शिवणारा शिंपी मीच.

हसू नका. सांगतो.

मुळे सर युनिव्हर्सिटीत भूगोल शिकवायचे. घर विद्यानगरला, पण शर्ट शिवायला माझ्याच दुकानात, सुलतान बाजारला. सर अचानक गेले. पोरांनी वर्गणी काढली आणि कॅम्पसवर, लायब्ररीसमोर, त्यांचा अर्धपुतळा बसवला.

आला तो गोणपाटात गुंडाळूनच. खाली संगमरवरी पाटी. अमुक मंत्र्यांच्या शुभहस्ते अनावरण, असं आधीच कोरलेलं.

मंत्री आलेच नाहीत.
आधी दौरा निघाला, मग सरकारच बदललं.

वहिनी ऑफिसात खेटे घालायच्या. क्लार्क मोठा गोड. "साब कू टैम नै अम्मा. अगले महिने पक्का."

पावसानं गोणपाट कुजलं, तशा वहिनी कापड घेऊन दुकानात आल्या.

मी म्हणालो, "शिवायचं कशाला वहिनी? ते गोणपाट ओढून टाकतो. तुम्हाला सरांचा चेहरा तरी दिसेल."

"नको हो भाऊ. बघावंसं मला वाटत नाही का? पण चोरासारखं उघडायला ह्यांनी काय गुन्हा केलाय? चार माणसांत, मानानं उघडू देत."

माप घ्यायला गेलो. गोणपाटावरूनच गळ्याला टेप लावला आणि सवयीनं तोंडातून गेलं, "सर, मान जरा सरळ."

वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या.
मग तो पदर डोळ्यांकडे गेला.

पुढे दरसाल एक अंगरखा, डोक्यावरून चेहराही झाकणारा. शेवटचा फिकट निळा. सरांच्या शर्टाचा रंग.

तोवर दिवस पालटले. सुलतान बाजारात रेडीमेड आलं, माझं गिऱ्हाईक आटलं. गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास. वर्गणी काढणारी पोरं अमेरिकेला. सगळं जग खुलं झालं म्हणायचे. आमचे सर आपले झाकलेलेच.

मग लायब्ररीसमोर कॉम्प्युटर सेंटरचं काम निघालं. पुतळा आडवा येत होता.

कळल्याबरोबर वहिनी आणि मी ऑटोनं धावलो.

उशीर झाला होता. एका मजुरानं अंगरखा काढून त्याचीच चुंबळ केली होती. डोक्यावर विटांची पाटी.

सर उन्हात उभे.

त्यानं वहिनींना विचारलं, "एवरम्मा ईयना?" हे कोण हो आई?

"मा आयना," वहिनी म्हणाल्या. माझे हे.

बिचाऱ्यानं विटा उतरवल्या. चुंबळ सोडली, कापड झटकलं, घडी करून वहिनींच्या हातात दिलं. मग सरांना हात जोडले.

अनावरण म्हणाल तर एवढंच.

वहिनींनी त्याच कापडानं सरांचा दगडी चष्मा पुसला. खूप वेळ बघत राहिल्या.
"नाक नाही हो जमलं, भाऊ. पण बघतात अगदी तसंच."

पुतळा सायकल स्टँडमागे हलवला. पाटीवर अजून त्या मंत्र्यांचंच नाव आहे. ते बदलून घ्यायचं त्राण ना वहिनींत उरलं होतं, ना माझ्यात. गुडघे चालले तोवर आम्ही दोघं हार घालून यायचो, बस्स.

आज अंबरपेठच्या स्मशानात नेताना सरांचा पुतण्या वहिनींच्या तोंडावर चादर ओढत होता.
मी म्हणालो, "राहू दे रे बाळा. तोंड उघडं असू दे."

वहिनी, या आता.
तुमच्या शिंपीभाऊचा नमस्कार.