नानादांची खिडकी

नानादा बाथरूमची कडी आतून कधीच लावत नसत. बंगालात, बेहालाच्या आमच्या बँकेच्या शाखेत हा थट्टेचा विषय होता. आत गेले की ते मोठ्यांदा आरती म्हणत, म्हणजे बाहेरच्याला कळावं. शाखेत मराठी आम्ही दोघेच, आणि मी मॅनेजर, म्हणून थट्टेत मीच पुढे. एकदा म्हणालो, "नाना, कडी लावली तर गणपती कोपेल का?" ते म्हणाले, "साहेब, फुकटात गाणं ऐकायला मिळतंय, तर तक्रार कसली करता?"

मूळचे ते साताऱ्याकडचे नाना. त्यांच्या नावाला 'दा' जोडला बंगाली सहकाऱ्यांनी. ते पेन्शनच्या खिडकीवर बसत. त्यांचं बंगाली ऐकून म्हाताऱ्या मासीमा पदर तोंडाला लावून हसत, आणि शेजारची खिडकी मोकळी असली तरी त्यांच्याच रांगेत उभ्या राहत. "ही खिडकी म्हणजे माझं माहेर," असं नानादा म्हणायचे.

दर थंडीत अपस्माराच्या रुग्णांच्या मदतीसाठी एक दौड असे. पन्नाशीतही नानादा तिच्यात धावत आणि निम्मी शाखा ओढून नेत. आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत टेबलावर उशी ठेवून तालीम घेत. फिट आली तर दाबून धरू नका, तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा. "आणि चप्पल पायातच ठेवा. नाकाशी तिचं काही काम नाही."

मी पहिल्यांदा धावलो त्या वर्षी, अर्ध्या वाटेवर, ते माझ्यासमोर कोसळले. दात आवळलेले, हातपाय झटकत होते. तालमीतलं मला एक अक्षर आठवलं नाही. आठवलं ते लहानपणी आमच्या गल्लीत पाहिलेलं. मी बूट काढला आणि त्यांच्या नाकाला लावला. एका स्वयंसेविकेने मला बाजूला सारलं आणि त्यांना कुशीवर वळवलं.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी माझ्या एका पायातल्या मोज्याकडे पाहिलं. "साहेब, काल तालमीत झोपला होतात काय?" मग माझी बाही धरली. "आपल्या लोकांनी पाहिलं?"

"नाही. ते पुढे गेलेत."

"मग कुणाला सांगू नका. वीस वर्षं लपवलंय. माझी खिडकी जाईल."

मी शब्द दिला. उघड्या कडीचं कारण मला तिथे, रस्त्याच्या कडेला उकिडवं बसल्यावर समजलं. आपण कशावर हसत होतो तेही.

शब्द मी चार दिवस पाळला. उद्या ते खिडकीवर पडले, तर माहीत असून गप्प का बसलात, असं मला विचारतील. मी त्यांच्या काळजीने सांगतोय, अशी मनाची समजूत घातली. काळजी माझी मला होती. वरच्या साहेबांच्या कानावर घातलं. आठवड्याच्या आत नानादांची रवानगी मागच्या रेकॉर्डच्या खोलीत झाली.

ते भांडले नाहीत. फक्त माझ्याशी मराठीत बोलणं त्यांनी थांबवलं. "सर, फाइल रख दी है." दिवसभरात कानावर पडणारं तेवढंच मराठी होतं, तेही गेलं. काही महिन्यांनी त्यांनी बजबजच्या शाखेत बदली मागून घेतली. जाताना हात मिळवला. "चलता हूँ, सर."

दोन वर्षांनी एका दुपारी त्यांच्या पत्नीचा फोन आला. "भाऊजी, हे गेले." शाखेतच फिट आली, आणि काय करायचं ते तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"पण वहिनी, नाना तर सगळ्यांना शिकवायचे."

"इथे आल्यावर दौड सोडली, सगळंच सोडलं. मी म्हणायचे, शाखेत एकाला तरी सांगून ठेवा. तर म्हणायचे, कळलं होतं एकाला, तेवढं पुरे. कोण तो, ते काही शेवटपर्यंत सांगितलं नाही. तुम्हाला माहीत आहे का हो?"

मी नाही म्हणालो.